यमाच्या घरचा पाहुणा

"आत जाताना चप्पल घालूनच जा हो. आणि गिझर बंद केल्याशिवाय नळाला हात लावू नका." कोकणातल्या एखाद्या होमस्टेत न्हाणीघराच्या दाराशी अशी सूचना मिळाली, तर ती मनापासून दिलेली असते. शिमगा उलटला की त्या नळाला "थोडासा करंट येतो", हे घरच्यांना ठाऊक असतं. त्यांचे पाय आपसूक रबरी चपलेत जातात, हात आधी बटणाकडे वळतो. अंगवळणी पडलेल्या या दोन गोष्टींवर ते घर वर्षानुवर्षं सुखरूप चाललेलं असतं.

पाहुण्याच्या अंगवळणी काहीच पडलेलं नसतं. तो समुद्रावरून येतो, अंगाला वाळू आणि खारं पाणी, पाय अनवाणी. डोळ्यांत साबण गेला की चाचपडत नळ शोधतो. ती सूचना त्याला मिळालेली असते, किंवा सुट्टीच्या गर्दीत, पाच खोल्या भरलेल्या असताना, द्यायची राहून गेलेली असते.

असा अपघात झाला की तिसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणतंच, त्याची वेळ भरली होती. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. दुःखाला टेकू म्हणूनच हे वाक्य मराठी घरांत पिढ्यान्पिढ्या वापरलं गेलं आहे. पण ते कोण म्हणतं आहे, याकडे क्वचितच कुणाचं लक्ष जातं. मेलेल्याच्या आईनं म्हटलं तर त्याचा अर्थ एक होतो. ज्याच्या घरात तो मेला त्या यजमानानं म्हटलं तर शब्द तेच राहतात आणि अर्थ पार उलटतो.

या प्रश्नात शिरण्याआधी त्या नळात काय चालू असतं ते बघायला हवं, कारण दैव म्हणून जे सांगितलं जातं त्यातलं बरंचसं इथे मोजता येतं. घरात येणारी वीज २३० व्होल्टची. गिझरची कॉइल जुनी झाली, तिचं कवच चिरलं, की करंट टाकीत आणि पाण्यात उतरतो. अशा वेळी हिरव्या तारेनं तो जमिनीत न्यायचा असतो. ती तार बोर्डापासून अंगणातल्या आर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत जाते. खड्ड्यात पाइप किंवा पत्रा, भोवती कोळसा आणि मीठ. हे सगळं ओल टिकावी म्हणून, कारण वीज जमिनीत जिरते ती ओलीमुळे.

आणि कोकणची जमीन म्हणजे जांभा, बऱ्याच ठिकाणी वीतभर मातीखाली उघडा कातळ. पावसाळ्यात तो पाणी धरतो. दिवाळीनंतर सुकत जातो आणि एप्रिल-मेमध्ये ठणठणीत कोरडा होतो. पर्यटकांचा हंगामही नेमका हाच. सगळे गिझर आणि सगळे एसी एकदम चालू असतात, त्याच दिवसांत घराचं आर्थिंग सगळ्यात दुबळं असतं. त्यात खारी हवा. तिनं तांब्याचे सांधे हिरवे पडतात, स्क्रू गंजतात.

समजा, सुकलेल्या खड्ड्याचा रोध ५० ओहम झाला. मग बिघाड झालेल्या गिझरातून जमिनीत सुमारे साडेचार अँपिअर जातील. बोर्डावरचा १६ अँपिअरचा एमसीबी त्याची दखलही घेणार नाही. तारा तापून पेटू नयेत म्हणून तो बसवलेला असतो. माणूस वाचवणं हे त्याचं कामच नव्हे. तो शांत राहतो, गिझर पाणी तापवत राहतो आणि नळ जवळजवळ २३० व्होल्टवर कुणाच्या तरी ओल्या हाताची वाट बघत राहतो. माणसाच्या छातीतून अँपिअरचा दहावा भाग काही क्षण गेला तरी हृदयाची लय बिघडू शकते.

यावर उपाय आहे. आरसीसीबी नावाची डबी जाणारा आणि परत येणारा प्रवाह सतत ताडून बघते आणि ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की डोळ्याची पापणी लवायच्या आत वीज तोडते. तिची किंमत साधारण एका एसी खोलीच्या एका रात्रीच्या भाड्याइतकी. पण जुन्या घरात ती बसवली की सारखी पडते. तारा ओल धरून असतात, दोन खोल्यांचे न्यूट्रल कुठेतरी एकमेकांत गुंतलेले असतात आणि डबी ते इमानदारीनं सांगते. पाहुणे कुरकुरतात, रात्री अंधार होतो. मग वायरमनला बोलावून ती 'बायपास' करून घेतली जाते. जिथे आर्थिंगच नाही तिथे एखादा वायरमन सॉकेटच्या मागे बोटभर तारेचा तुकडा टाकतो आणि आर्थिंगचं भोक न्यूट्रललाच जोडून देतो. टेस्टरनं तपासलं तर सगळं ठीक दिसतं, गिझर चालतो. पण पुढे कधी खांबावर न्यूट्रल तुटला, की त्या बोटभर तुकड्यातून पूर्ण दाबाची वीज गिझरच्या पत्र्यावर येते.

हा तुकडा टाकणाऱ्याला कुणाला मारायचं नसतं. यजमानाला तर नसतंच. इथूनच खरा अवघड प्रश्न सुरू होतो: कुणाच्याही मनात नसलेलं मरण कुणाच्या नावावर लिहायचं?

महाभारताच्या अनुशासनपर्वाची सुरुवातच या प्रश्नानं होते. गौतमी नावाच्या वृद्धेचा मुलगा साप चावून मरतो. अर्जुनक नावाचा व्याध सापाला बांधून तिच्यापुढे आणतो आणि विचारतो, याला कसा मारू? साप म्हणतो, माझा काय दोष, मला मृत्यूनं पाठवलं. कुंभाराचं चाक आणि दांडा जसे स्वतःहून काही करत नाहीत, तसा मी. मग मृत्यू स्वतः येतो. तो म्हणतो, वारा ढगांना नेतो तसं काळानं मला नेलं. शेवटी काळ येतो आणि सांगतो की दोष सापाचा नाही, मृत्यूचा नाही, माझाही नाही; हे त्या मुलाचंच कर्म. गौतमी ते मान्य करते, माझंही कर्म त्यात होतं असं म्हणते आणि सापाला सोडायला लावते.

आजच्या कुठल्याही दुर्घटनेच्या चौकशीत ही कथा जशीच्या तशी ऐकू येते. मालक म्हणतो, काम ठेकेदाराला दिलं होतं. ठेकेदार म्हणतो, माझा वायरमन परवानाधारक होता. वायरमन म्हणतो, मी दोन खोल्यांचं फिटिंग केलं, एसी नंतर लावले. तपासणीचं खातं म्हणतं, आमच्याकडे अर्जच आला नाही. आणि या साखळीच्या टोकाला, काळाच्या जागी, कुणीतरी म्हणतं, ओल्या हातानं कशाला लावला? बोट पुन्हा मेलेल्याकडेच.

पण ही कथा कोण कुणाला सांगतं आहे हे विसरून चालणार नाही. शरपंजरी पडलेला भीष्म ती युधिष्ठिराला सांगतो. युधिष्ठिर युद्धातल्या संहाराचा दोष स्वतःवर घेऊन पिचून गेला आहे. ज्याच्या मनाला अपराध इतका लागला आहे की तो जगूच शकणार नाही, त्याच्यासाठीचं हे औषध. आणि कथेच्या आत तो निवाडा मान्य करण्याचा अधिकार ज्या एका व्यक्तीला आहे ती म्हणजे गौतमी, जिचा मुलगा गेला. तिनं क्षमा केली म्हणून साप सुटला. सापाचा युक्तिवाद बिनतोड होता म्हणून नव्हे. व्याधाला तर तो काळ येईपर्यंत पटत नाही. कर्मसिद्धान्त हा शोकाकुलाचा आधार आहे. यजमानाच्या हातात आला की तो वकिलाचा मुद्दा होतो. आपल्याकडे हा फरक पुसला गेला आहे आणि त्यामुळे जिवंत माणसांचं नुकसान झालं आहे.

कर्माची भाषा टाकून द्यायची असाही याचा अर्थ नाही. उलट ती नीट वापरली तर विजेच्या कामाला तिच्याइतकी जुळणारी दुसरी भाषा नाही. अमेरिकेत लास व्हेगासमध्ये एमजीएम ग्रँड हे २६ मजली हॉटेल १९७३ साली उघडलं. तिथल्या एका खानपानगृहात भिंतीआडून शीतकपाटाच्या यंत्राकडे काही तारा गेल्या होत्या. त्या नीट बांधलेल्या नव्हत्या आणि आर्थिंगचा मार्ग सलग नव्हता. यंत्र थरथरायचं, तारा घासायच्या. भिंतीच्या आत, कुणालाही न दिसता, हे चालू राहिलं. २१ नोव्हेंबर १९८० च्या सकाळी आग बाहेर पडली आणि ८५ माणसं गेली. बहुतेकांनी ज्वाळा पाहिल्याच नाहीत. धूर जिन्यांतून आणि नळ्यांतून वर चढला आणि वरच्या मजल्यांवर झोपलेली, जागी झालेली माणसं गुदमरली. त्या खानपानगृहाला पाण्याचे फवारे बसवण्यापासून सूट मिळाली होती. ते चोवीस तास उघडं राहणार, आग लागली तर कुणीतरी बघेलच, असं त्यामागचं कारण. पुढे ते रात्री बंद ठेवायला लागले. सूट मात्र तशीच राहिली.

याला संचित म्हणतात. मागे कधीतरी केलेलं, आता कुणाच्या लक्षात नसलेलं आणि तरीही एक दिवस फळणारं. फक्त ते मरणाऱ्यांच्या मागल्या जन्मांत नव्हतं, हॉटेलच्या भिंतीत होतं.

दिल्लीच्या करोल बागेत १२ फेब्रुवारी २०१९ ला पहाटेपूर्वी एका हॉटेलला आग लागली आणि १७ जण गेले. शॉर्ट सर्किटचा संशय पहिल्यापासून होता. लग्नाला आलेलं केरळचं कुटुंब त्या रात्री तिथे उतरलं होतं, म्यानमारहून आलेले प्रवासीही होते. बोळांत शोभेसाठी लाकूड लावलं होतं, त्यानं आग पसरायला मदत केली. मरणाऱ्यांपैकी कुणी भिंतीतली तार पाहिली नव्हती. पाहुणा काय बघतो? चादर स्वच्छ आहे का, खिडकीतून काय दिसतं. बाकी सगळं तो डोळे मिटून यजमानाच्या हवाली करतो, आणि मग तिथे झोपतो. अनोळखी घरात झोपणं यापेक्षा मोठा विश्वास रोजच्या व्यवहारात माणूस कुणावर टाकत नसेल.

मनात नव्हतं, एवढं म्हटलं की दोष संपतो का, यावर भारतीय विचारात हजारो वर्षं काथ्याकूट झाला आहे. त्यातलं सर्वांत नेमकं उत्तर जैनांचं. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या आहे ती प्रमादावर उभी आहे, म्हणजे गाफीलपणावर. जैन आचार्यांनी ती अखेरपर्यंत नेली. खाली बघून, जपून चालणाऱ्या साधूच्या पायाखाली चुकून जीव आला तर तो हिंसेचा धनी नाही. आणि बेफिकीर चालणाऱ्याच्या पायाखाली एकही जीव मेला नाही तरी हिंसा घडलेलीच आहे. कोकणातल्या त्या घराला हे लावून बघितलं की अंगावर काटा येतो. वीस वर्षं त्या नळानं कुणाला मारलं नाही, ही सबबच राहत नाही. गुन्हा अपघाताच्या दिवशी घडत नाही. डबी बायपास करून घेतली त्या दुपारी तो घडून गेलेला असतो.

बौद्धांनी कर्माचं मूळ हेतूत ठेवलं, त्यामुळे त्यांच्याकडून इथे सवलत मिळेल असं वाटतं. पण मिनँडर राजा आणि भिक्खू नागसेन यांच्या संवादाचा 'मिलिंदपञ्ह' हा ग्रंथ नेमका उलट बोलतो. राजा विचारतो, जाणून पाप करणारा आणि नकळत करणारा, यांत जास्त दोष कुणाचा? नागसेन म्हणतो, नकळत करणाऱ्याचा. लाल तापलेला लोखंडी गोळा एकानं जाणून धरला आणि एकानं नकळत, तर जास्त कोण भाजेल? न जाणणारा तो घट्ट धरतो. विजेच्या बाबतीत हे उदाहरण शब्दशः लागू पडतं, फक्त एका विपरीत फरकानं: नकळत करणारा यजमान असतो आणि घट्ट धरणारा हात पाहुण्याचा. प्रवाह ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की स्नायू आवळतात आणि धरलेला नळ सुटत नाही.

कायद्यातला मराठी शब्द आहे हयगय. हयगयीनं मृत्यू घडवण्याबद्दल जुन्या दंडविधानात दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती पाच वर्षांपर्यंत गेली. विजेबाबत सर्वोच्च न्यायालय २००२ साली आणखी पुढे गेलं. मध्य प्रदेशात पावसाळी रात्री सायकलवरून घरी जाणारा माणूस रस्त्यावर पडलेल्या तारेनं मेला होता. वीज मंडळाचं म्हणणं, ती तार वीज चोरणाऱ्यानं ओढली होती. न्यायालयानं सांगितलं, इतकी धोकादायक वस्तू जो बाळगतो आणि पुरवतो, त्याच्यावर भरपाईची जबाबदारी हयगय सिद्ध न होताही येते. प्रमादाच्या विचाराच्याही हे पुढे आहे: तिथे जपून चालणारा सुटतो, इथे तोही सुटत नाही.

तशीच एक आज्ञा कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतकं नांदते आहे. अलिबाग, रेवदंडा, नवगाव या पट्ट्यात बेने इस्राएल म्हणवणारे ज्यू मराठी बोलत राहिले, तेलाचे घाणे चालवत राहिले आणि शनिवारी काम बंद ठेवतात म्हणून शनिवार तेली म्हणवले. अलिबागेत अजून इस्राएल आळी आहे, तिथलं सिनेगॉग आहे. त्यांच्या धर्मग्रंथात, 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात, एक साधा नियम येतो: नवं घर बांधणाऱ्यानं गच्चीला कठडा घालावा, नाहीतर कुणी पडलं तर त्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल. पुढच्या ज्यू पंडितांनी तो वाढवला, की घरात चावरा कुत्रा आणि मोडकी शिडीही ठेवू नये. पडणाऱ्याचं प्रारब्ध काय होतं याची चर्चा तिथे नाही असं नाही, पण तिनं कठडा माफ होत नाही. आज मांडव्याच्या बोटीनं शनिवार-रविवारी माणसांचे लोंढे त्याच अलिबागेत उतरतात. तिथल्या दर दुसऱ्या घरावर खोल्या मिळतील अशी पाटी आहे आणि आर्थिंग हा त्या घरांचा कठडा आहे.

इथे यजमानाची बाजू ऐकली नाही तर लिखाण खोटं ठरेल. कोकणातला होमस्टे म्हणजे बहुतेकदा एका बाईचा संसार असतो. मुलगा मुंबईला, आंब्याचा भरवसा नाही, म्हणून मागची पडवी बांधून दोन खोल्या काढलेल्या. घराची मूळ वायरिंग चार बल्ब आणि दोन पंख्यांसाठी होती. पाहुणे आले, त्यांनी गरम पाणी मागितलं, मग एसी मागितला. दीड टनाचा एक एसी आठेक अँपिअर ओढतो, दोन किलोवॉटचा गिझर जवळजवळ नऊ. ते सगळं दिव्यांसाठी टाकलेल्या बारीक तारेवर चढत गेलं. नवी वायरिंग करायची तर भिंती फोडायच्या, हंगाम बुडवायचा आणि कर्जाचा हप्ता तसाच. एसी नसला तर खोली जात नाही. आर्थिंग नसलं म्हणून खोली गेली नाही, असं मात्र होत नाही, कारण ते कुणी विचारतच नाही. खोली बघायला आलेला पाहुणा वायफाय विचारतो, मासळी ताजी आहे का विचारतो. तेव्हा भार एकट्या त्या बाईच्या डोक्यावर टाकणं अन्यायाचं आहे. पण तिचा जो वाटा आहे तो तिचाच राहतो. अडचण कितीही खरी असली तरी करंट तेवढाच येतो.

यजमानपणाची सगळ्यात कठोर कसोटी कठोपनिषदात आहे. वडील रागाच्या भरात म्हणाले, तुला मृत्यूला दिलं, आणि नचिकेता खरोखरच यमाच्या दारी गेला. यम घरी नव्हता. मुलगा तीन रात्री उपाशी राहिला. यम परतला तेव्हा त्याला सांगण्यात आलं, की पाहुणा घरात अग्नीच्या रूपानं शिरतो, त्याला पाणी देऊन शांत कर. ज्याच्या घरी तो उपाशी राहतो त्याचं सारं पुण्य जळतं.

अतिथीला देव मानावं, हे तैत्तिरीय उपनिषदातलं वचन पर्यटनाच्या जाहिरातींतून घरोघर पोचलं आहे. कठातला हा अग्नी मात्र मागे राहिला, आणि खरं तर त्यातच यजमानाचा भार आहे. पाहुणा येतो म्हणजे घराची परीक्षा येते. घरच्यांनी ज्या उणिवा सवयीनं झाकल्या, त्या त्याच्या अनभिज्ञ हाताखाली उघड्या पडतात.

आणि यम काय करतो? मी घरी नव्हतो, असं तो म्हणत नाही, जरी ते खरं आहे. नोकरांवर ढकलत नाही. पोरा, तुझं कर्म, असंही म्हणत नाही. आणि ते म्हणण्याचा अधिकार कुणाला असेल तर यमालाच. तो नमस्कार करतो आणि रात्री मोजतो. तीन रात्री, तीन वर. अनुशासनपर्वात मृत्यू साक्षीला उभा राहिला तेव्हा त्यानं दोष काळावर ढकलला. इथे तोच मृत्यू यजमान आहे आणि दाराशी आलेल्या पोराच्या उपासाचा दोष विनातक्रार स्वतःकडे घेतो.

नव्या घराची वास्तुशांत होते तेव्हा आग्नेय कोपऱ्यात लहानसा खड्डा करून वास्तुपुरुषाची प्रतिमा पुरतात. आग्नेय ही अग्नीची दिशा. अनेक घरांत विजेचं मीटरही याच कोपऱ्यात लावतात, वास्तुशास्त्रवाले तसं सांगतात म्हणून. त्या पहिल्या खड्ड्यावर फरशी बसते आणि तो पुन्हा उघडायचा नसतो. अंगणातला आर्थिंगचा खड्डा उलट आहे. त्याला दर थोड्या दिवसांनी झाकण उघडून पाहणारं कुणीतरी लागतं. होळीनंतर त्यात कळशीभर पाणी ओतावं लागतं, काही वर्षांनी कोळसा-मीठ बदलावं लागतं, गंजलेला नटबोल्ट घासून पुन्हा आवळावा लागतो. वायरमन फेज आणि आर्थिंगमध्ये बल्ब धरून दाखवतो. तो मिणमिणला तर आर्थिंग गेलंच समजायचं, पण लख्ख पेटला म्हणून ते पुरेसं आहे असं नाही. त्यासाठी रोध मोजणारं यंत्र आणायला सांगावं लागतं. आरसीसीबीच्या डबीवर 'टी' लिहिलेलं एक लहान बटण असतं. महिन्यातून एकदा, पाहुणे येण्याआधी, ते दाबायचं असतं. दाबल्यावर खटका पडून खोल्यांत अंधार झाला, तर डबी जागी आहे. खटका पडला नाही, तर त्या दिवशी खोली द्यायची नाही.